बोरगव्हाणची शीव

एस, एच, आय, व्ही, ए… पाच मोठी अक्षरं आणि त्यांच्याखाली बारीक टायपातल्या चार ओळी. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा तो जाड पांढरा पुठ्ठा टोस्टरला टेकून उभा होता, आणि गिरजाबाई हातातला चहा पार निवून जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली होती. अक्षरं तिला येत होती. मागच्या हिवाळ्यात नातीनेच, दीपाने, नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यावरून शिकवली होती. एकेक सुटं ओळखायचं, मग ओठ हलवत जुळवायचं. शि… व. मग शेवटचा हा ए कशाला? तिने पुन्हा पहिल्यापासून लावून पाहिलं. पुन्हा तेच झालं.

"आजी, तुझा लेबल पाहिला?" दीपा एका पायात मोजा घालून लंगडत जिना उतरली. चौदा वर्षांची पोर, इथलीच जन्मलेली. मराठी बोलायची ती खडीवरून अनवाणी चालल्यासारखी. "सुलेखाकाकूने टाइप करून दिला. आज दोन वाजता लायब्ररीत पेंटिंगच्या खाली लावणार."

"काय लिहिलं त्यात?"

"वर नाव. शिवा. मग खाली, की आर्टिस्टची खूप डिव्होशन आहे लॉर्ड शिवावर, आणि मधला व्हाइट पार्ट, जिथे तू काहीच नाही काढलं, तो म्हणजे शून्य. लाइक, मेडिटेशन. इट्स रिअली नाइस, आजी."

"कोणता शिव?"

"तूच सांगितलं ना! मी विचारलं नाव काय, तू म्हणाली शिव."

शीव म्हणाले होते मी. शीव, पोरी… पण तुझ्या कानाला काय फरक, आणि इंग्रजीत उतरवायला तरी काय फरक, ऱ्हस्व असो की दीर्घ, तीच चार अक्षरं, आणि वर एक फुकटचं. गिरजाबाईने चहा सिंकमध्ये ओतला. एवढ्या सकाळी पाय भरून आले होते. अजून काही केलंही नव्हतं, नुसती उठून खाली आली होती, तरी दिवसभर हातमाग चालवल्यासारखे पोटऱ्यांत गोळे.

"शीव म्हंजे गावाची हद्द," ती म्हणाली. "आपलं गाव संपते अन् दुसऱ्याचं सुरू होते, ते."

"बाउंड्री?" दीपाचा दुसरा मोजा हातातच राहिला. "ओह नो. मग हे राँग आहे? ब्रोशरमध्ये पण तेच आहे, आजी!"

"तुया बापाले विचार."

बापाला विचार… कारण त्याला माहीत होतं. हेच तर सुलेखा येऊन गेल्यापासून मनात अडकलं होतं, आणि आज पुठ्ठा वाचल्यावर खाली उतरायचं सोडून आणखीच रुतलं. त्या दिवशी सुलेखा आली होती ती चित्र बघायलाच. मराठी मंडळाची सगळी कामं तीच अंगावर घ्यायची, बाई मनाने चांगली, येताना रिकाम्या हाताने कधी यायची नाही. तळघरात उतरून चित्रापुढे उभी राहिली, आणि तिने हात जोडले होते. चक्क हात जोडले! "मावशी, काय केलंयत हो हे! सगळी सृष्टी भोवती फिरतेय आणि मध्ये काही नाही. हेच तर शिवतत्त्व." आणि ज्ञानदेव, माझा पोटचा ज्ञानदेव, तिथेच जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता. त्याने काय करावं? "चिवडा घ्या ना," म्हणाला.

तिनेही तेव्हा काही म्हटलं नाही, हे खरं. त्याच्याकडे बोट दाखवताना उरलेली तीन आपल्याकडे वळतात. पण तिला वाटलं होतं, पाहुणी गेली की हा सांगेल. फोन करेल, हसून म्हणेल, अहो, देवाचा शिव नव्हे तो. छप्पन साली नागपूरच्या मैदानावर तिने स्वतः विणलेल्या पांढऱ्या कापडाचा सदरा घालून हाच आठ वर्षांचा पोरगा तिच्या शेजारी उभा होता, आणि ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही ही पहिली प्रतिज्ञा इतक्या जोरात म्हणाला होता की पुढच्या रांगेतला म्हातारा मागे वळून हसला होता. महेश म्हणजे कोण, हे काय तो विसरला? डोकं तर एवढं चालतं त्याचं. गाड्यांची इंजिनं काढतो कागदावर.

चित्रही तसं ठरवून काढलेलं नव्हतंच. नवरा, रामभाऊ, गेला, माग मोडला, आणि ब्याऐंशी साली ज्ञानदेव तिला इथे घेऊन आला, तेव्हा तिने बॅगेत एकच वस्तू हट्टाने घातली होती. मागावरच्या उभ्या धाग्यांना, ताण्याला, खळ लावायचा कुंचा, गवताच्या मुळ्यांचा, चाळीस वर्षं हाताच्या घामाने काळा पडलेला. विमानतळावरच्या माणसाने तो हुंगून पाहिला होता. ट्रॉय शहरातला पहिला हिवाळा म्हणजे खिडकीपाशी बसून समोरच्या घराचं गॅरेज उघडतं कधी आणि मिटतं कधी ते बघणं. सून कांता हॉस्पिटलात नर्स, तिच्या पाळ्या, ज्ञानदेव ऑफिसात, दीपा शाळेत. हातांना काम नाही. रिकामे हात इतके जड होतात हे तिला त्या वर्षी कळलं. मग एकदा नवा फ्रिज आला, त्याचं खोकं तळघरात पसरलेलं, भिंतीला लावून उरलेला रंग डब्यात, दीपाच्या शाळेच्या रंगांच्या बाटल्या… आणि कुंचा तिने रंगात बुडवला तो केवळ खळ ढवळल्यासारखं वाटावं म्हणून.

चित्र कसं काढतात हे तिला माहीत नव्हतं; कापड कसं निघतं ते माहीत होतं. म्हणून तिने खालून सुरुवात केली. आधी दोन्ही बाजूंचे काठ, कारण काठाचे धागे आधी बसवावे लागतात, मग एकेक ओळ, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, हात धोट्यासारखा जायचा आणि यायचा. पहिल्या ओळीत नाला आला. दुसरीत नाल्याकाठचे पळस. मग बरड, मग दोन गावांच्या मधला मोह, ज्याची फुलं कुणी वेचायची यावरून दरसाल भांडण. मग चुना फासलेला तो गोटा, जिथे तीन गावांच्या शिवा मिळतात. हे सगळं तिला तोंडपाठ होतं, नव्हे, पायपाठ होतं. पण ओळ मधोमध आली की हात आपोआप उचलला जायचा, आणि पलीकडच्या काठाशीच पुन्हा टेकायचा. दहा ओळी झाल्या, पंधरा झाल्या, आणि मध्ये पुठ्ठ्यावर आधी फासलेला भिंतीचा पांढरा रंग तसाच राहिला, भाकरीएवढा, मग परातीएवढा.

शून्य म्हणे! अगं बाई, शून्य कसलं, तिथे गाव आहे. पाटलाचा वाडा आहे, देऊळ आहे, विहीर आहे, चावडीच्या मागे म्हणे एक मोठा पार आहे. ऐकून माहीत. साठ वर्षं मी बोरगव्हाणात काढली, तिथेच जन्मले, बापाला मुलगा नाही म्हणून रामभाऊ घरजावई आला, त्याचा मागही तिथेच आला. आणि साठ वर्षांत मधलं गाव मी पाहिलं नाही. विणलेलं कापड वेशीतल्या दगडावर ठेवायचं, मागे सरायचं. ते पाणी शिंपडून उचलायचे. म्हणजे कापड आत जायचं, अंगावर चढायचं, देवळातही जात असेल. मी तेवढी बाहेर. मग जे पाहिलंच नाही ते काढू कसं? खोटं काढू?

बाहेर ज्ञानदेव दंताळ्याने मेपलची पानं ओढत होता. ऑक्टोबरचं ऊन, नुसतं दिसायला. गिरजाबाई शाल गुंडाळून मागच्या दारात उभी राहिली. त्याची पाठ तिला दिसत होती, आणि तिच्या मनात आलं, हा रामभाऊपेक्षा लवकर वाकला.

"ज्ञानदेवा, तुले मालूम होतं ना?"

त्याने विचारलं नाही, काय ते. दंताळं झाडाला टेकवलं.

"आई, राहू दे ना. कार्ड कोण वाचतं?"

पूर्वी तो माय म्हणायचा. केव्हा आई म्हणू लागला ते तिला आठवत नव्हतं. असंच कधीतरी 'काहून'चं 'का' झालं, 'मले'चं 'मला' झालं, आणि मेश्रामचं बोरगव्हाणकर झालं. ज्या गावाने आत घेतलं नाही त्याच गावाचं नाव लेकाने आडनाव करून लावलं, काय म्हणावं याला.

"वाचत नसतील त लिहिलं काहून?"

"सुलेखाताईंनी प्रेमाने लिहिलंय. आता त्यांना फोन करून काय सांगू? शीव म्हणजे हद्द, एवढंच सांगून भागतं का? त्या विचारतील, मावशींना हद्दीतला गोटा न् गोटा कसा काय माहीत. त्यांचे सासरे इथे आलेत सध्या, त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या पाटीलकी होती. गावची शीव कोण दाखवायचं, हे त्यांना मी सांगायला हवं?"

"मंग कळू दे."

तो हसला, पण तोंड वाकडं करून. "कळू दे! तुला काय, तू घरात असतेस. तू यायच्या आधी क्लीव्हलंडला काय झालं ते सांगितलं होतं ना? कांता भांडंभर भरली वांगी घेऊन गेली होती मंडळाच्या जेवणाला. कुणीतरी आडनाव विचारलं आणि भांडं जसंच्या तसं परत आलं. कुणी वाईट बोललं नाही, आई. सगळे गोड बोलले. दीपा पाच वर्षांची होती, ती विचारत होती, आपली भाजी कुणाला आवडली नाही का. त्यानंतर मी नोकरी बदलली, गाव बदललं, नाव बदललं. आता तिच्या मैत्रिणी आहेत इथे. मला पुन्हा नाही गं जमणार. दमलोय मी."

दमलोय म्हणाला, आणि तिला त्याची दया आली. आईच्या जातीला हेच वाईट. लेकराने दमलो म्हटलं की न्याय, अन्याय, सगळं गुंडाळून ठेवावंसं वाटतं. बरं बाप्पा, ती मनात म्हणाली, शिव तर शिव. पुठ्ठ्याचा तुकडा तो, महिनाभर लागेल आणि मग कचऱ्यात जाईल. आणि तेवढ्यात तिला वरच्या मजल्यावरच्या निजायच्या खोलीतला बाबासाहेबांचा फोटो आठवला. खाली बैठकीत होता तो पूर्वी. पाहुणे येऊ लागले तसा वर गेला. तोही असाच, कुणी काही न बोलता.

दीड वाजता गाडी निघाली. बिग बीव्हर रस्त्याला नेहमीसारखी शनिवारची गर्दी, दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती, सगळ्यांपुढे कापलेलं हिरवं गवत. कुठे एकाचं संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं काही कळत नाही, ना बांध ना कुंपण, आणि तरी इथल्या प्रत्येकाला आपापली हद्द पक्की ठाऊक असते. ज्ञानदेव पुढे स्टीअरिंगवर. दीपा खिडकीकडे तोंड करून. तिने बापाला विचारलं होतं बहुतेक, आणि 'नंतर सांगतो' ऐकलं होतं.

मी आठ वर्षांची होते… उन्हाळा होता, आणि दोन गावांचा वाद तालुक्याला जाऊन परत आला होता. मग ठरलं, महाराने शीव चालून दाखवायची. डोईवर मातीचं ढेकूळ घेऊन चालायचं, खोटं चालला तर त्याचा निर्वंश. हा मान आमचा! देवळाच्या पायरीला शिवायचं नाही आणि गावाच्या इज्जतीचा निवाडा मात्र आमच्या डोक्यावर. बापाने अंघोळ केली, ढेकूळ घेतलं, आणि चालू लागला. मागे दोन्ही गावं, त्यांच्या मागे लांबून मी. नाल्यापर्यंत सगळं ठीक. मोहापाशी तो थांबला. पाटलाने आदल्या दिवशीच निरोप धाडला होता, की मोहाच्या पलीकडून जा. बाप थांबला, ढेकळाची माती त्याच्या कपाळावर गळत होती. आणि तो मोहाच्या अलीकडून गेला. बारा एकर जमीन त्या तेवढ्या वळणात आपल्या गावाच्या हातची गेली.

त्या वर्षी खळ्यावरचं आमच्या वाट्याचं धान्य बंद झालं. माय मरेपर्यंत त्याला बोलत राहिली, "खऱ्याचं फाटकं बोंदरं पांघरून बसा आता!" आणि तो कधी उलट बोलला नाही. आणि मी? मी मायच्या बाजूची होते. हे कुणाला सांगितलं नाही कधी. पोटात भूक होती, मला बापाचा राग यायचा. चार पावलं पलीकडून टाकली असती तर काय बिघडलं असतं? निर्वंश झाला असता? तसाही मुलगा नव्हताच त्याला.

लायब्ररीच्या मोठ्या खोलीत कॉफीचा वास होता, आणि एका टेबलावर चीजचे तुकडे, शेजारी सुलेखाने आणलेल्या वड्या. भिंतीवर आठदहा जणांची चित्रं होती, फुलं, घोडे, एक दीपगृह. तिचं सगळ्यांत मोठं, कुणीतरी त्या पुठ्ठ्याला लाकडी पट्ट्या ठोकून दिल्या होत्या. उभं लावलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं. जमिनीवर पसरलेलं असताना त्यात चालता यायचं. भिंतीवर ते तिच्यापासून लांब गेलं होतं. आणि खाली, उजव्या कोपऱ्यात, तो नावाचा पुठ्ठा.

"या या, मावशी!" सुलेखाने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. जरीची साडी, त्यावर स्वेटर. "सगळे तुमच्याबद्दलच विचारताहेत. दोन शब्द बोला ना. दीपा ट्रान्स्लेट करेल."

"मी काय बोलू?"

"काहीही. सुचेल ते."

पंधरावीस माणसं जमली होती. मंडळाची काही, बाकी इथली. सुलेखाचे सासरे खुर्चीत, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये, चित्राकडे डोळे बारीक करून बघत. ज्ञानदेव पार मागे, कोट टांगायच्या खुंट्यांपाशी, हातात कागदी पेला. एक उंच गोरी बाई पुढे आली आणि चित्राच्या मधोमध बोट नेऊन काहीतरी म्हणाली.

"आजी, ती विचारते, मध्ये काही का नाही काढलं," दीपा म्हणाली. "काय सांगू?"

सुलेखा तोंड उघडणार होती, तिला उत्तर माहीत होतं. गिरजाबाईने ज्ञानदेवाकडे पाहिलं. तो मान हलवेल असं तिला वाटलं होतं, नको म्हणून. मग तिने खरंच नसतं सांगितलं. पण त्याने मान हलवली नाही. तो पेल्यात बघत होता.

"सांग," ती म्हणाली, "मधलं मी पाहिलं नाही."

दीपाने सांगितलं. शब्दाला शब्द ठेवून, आणखी काही न जोडता. त्या उंच बाईने छातीवर हात ठेवला. कुणीतरी "ब्यूटिफुल" म्हणालं. सुलेखाचे डोळे पाणावले होते. "वा, मावशी! पाहता येत नाही तेच तर ते!" आणि टाळ्या वाजल्या.

खरं बोलले आणि टाळ्या वाजल्या! गिरजाबाईला आधी हसूच आलं. काय लोक आहेत! अन्न बंद करणारे परवडले, त्यांना निदान कळलं तरी होतं काय बोललं गेलं ते. आणि मागे खुंट्यांपाशी ज्ञानदेवाचे खांदे खाली आले, सुटलो असा मोठा श्वास त्याने सोडला. तेवढा श्वास तिने पाहिला, आणि सकाळपासून जी दया तिने त्याच्यासाठी जपून ठेवली होती ती गेली. पार गेली. तिच्या जागी राग आला. त्याचा, आणि त्याहून आपला. इतक्या वर्षांत आपण कुणावर रागावलोच नव्हतो, नुसत्या थकत होतो.

माणसं वड्यांकडे वळली. सासरेबुवा मात्र अजून त्या मोहाच्या झाडाकडे बघत होते, तिथे वळणाऱ्या रेषेकडे. आणि दीपा हलली नव्हती.

"आजी," ती म्हणाली, हळू नाही, तिला हळू बोलताच यायचं नाही. "का नाही पाहिलं? यू लिव्ड देअर. सिक्स्टी इयर्स तू तिथे राहिली ना?"

सासरेबुवांनी मान वळवली. ज्ञानदेवाने पेला टेबलावर ठेवला आणि तो गर्दीतून वाट काढत यायला लागला, चेहऱ्यावर हसू चिकटवून. लांबूनच म्हणाला, "दीपा, नंतर. आजी दमलीय, तिला गाडीत नेऊ या."

"दमले नाही मी," गिरजाबाई म्हणाली, आणि हे खोटं नाही याचं तिचं तिलाच नवल वाटलं. तिने दीपाचं मनगट धरलं. पहिला शब्द कोणता काढायचा ते सुचत नव्हतं, कुठून सुरू करायचं… पोरीला वेस माहीत नाही, पाणी शिंपडणं माहीत नाही, आपण कोण तेच माहीत नाही. ज्ञानदेव चार पावलांवर आला होता. येऊ दे, तिला वाटलं. त्याच्या माघारी नाही सांगायचं.